सामू आणि सासुरवास

अकरावीच्या पोरांना पर्यावरणाचा प्रकल्प असतो आणि आमच्या कंधारात तो झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. कव्हरवर हिरवीगार पृथ्वी. आत उद्दिष्टे, साहित्य, निरीक्षणे, निष्कर्ष सगळं तयार. आपण फक्त नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा. ‘आम्ल पर्जन्याचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा परिणाम’ हा त्यातला चांगल्या खपाचा विषय. त्यातली झाडं छापखान्यातच वाळलेली असल्यामुळे पाणी घालायची कटकट नसते.

आमच्या पोरीनं मात्र प्रयोग खरोखर करायचं ठरवलं. हे खूळ कोणत्या घराण्यातून आलं याचा मी शोध सुरू केला होता. तो माझ्या सासुरवाडीच्या दिशेनं निघालेला दिसताच बायकोनं चहा देऊन थांबवला.

मूळ कारण शोधायचं तर दिल्लीपर्यंत जावं लागतं. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 22 नोव्हेंबर 1991 रोजी निकाल दिला की शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. हेच मेहता ताजमहालाचंही वकीलपत्र घेऊन उभे होते. कारखान्यांच्या धुरातलं गंधक हवेतल्या ओलाव्यात मिसळतं, त्याचं आम्ल होतं आणि ते संगमरवर खातं, ही तक्रार. 1996 साली न्यायालयानं आग्र्याच्या परिसरातल्या कारखान्यांना सांगितलं, कोळसा सोडून गॅस वापरा, नाहीतर मुक्काम हलवा. म्हणजे शहाजहानची गच्ची ज्यांनी सांभाळली, त्यांच्याचमुळे आमची गच्ची गेली. वाळवणाच्या जागेवर मुगाच्या चार कुंड्या येऊन बसल्या.

“काय करलालीस गं?” माझ्या आईनं विचारलं.

“ॲसिडचा पाऊस.”

“आधी साधा तर पडू दे.”

मराठवाड्यातल्या माणसाची पर्यावरणविषयक भूमिका याहून थोडक्यात मांडता येणार नाही. पण पोरगी विधिमंडळ गाजवणाऱ्या भाई केशवराव धोंडगे यांच्या गावची. बोलण्यात हार मानणं आमच्या पाण्यातच नाही. तिनं आजीला सांगितलं की रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1852 मध्येच मँचेस्टरच्या पावसात हे आम्ल पकडलं होतं आणि पुढं 1872 च्या पुस्तकात त्याला ‘ॲसिड रेन’ हे नाव दिलं. दगडी कोळसा जळला की गंधकाचा वायू सुटतो, गाड्यांमधून नायट्रोजनचे, आणि वाऱ्यावर ते कुठल्या कुठं जातात.

“आपल्याकडं कुठून येतंय ते?”

“परळीला औष्णिक केंद्र आहे ना. पावसाळ्यात वारं तिकडूनच येतं.”

आई हसली. “परळीला वैजनाथ आहे. आणि तिथली लाईट तर धड पोचत नाही इथपर्यंत, धूर बरा पोचतोय.”

यावर विज्ञानाला उत्तर सुचलं नाही.

आंबटपणा मोजायचा सामू, म्हणजे पीएच, काय असतो हे मला समजावून सांगावं लागलं नाही. शेतकऱ्याला दोन पत्रिका नीट वाचता येतात, एक लग्नाची आणि दुसरी मृदा आरोग्य पत्रिका. आमच्या शेताच्या पत्रिकेत सामू आठच्या वर आहे. सात म्हणजे मधोमध, वर गेलं की अल्कधर्मी, खाली गेलं की आम्ल. अगदी स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा 5.6 च्या आसपास असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याच्या खाली गेला की तो आम्ल पर्जन्य. आणि ही पट्टी सरळ नसते, एक घर उतरलं की आंबटपणा दहापट. म्हणजे सामू चारचा पाऊस साध्या पावसाच्या जवळपास चाळीसपट आंबट. उतरतीच्या हिशोबात चक्रवाढ लावणारा सावकार मी पहिल्यांदाच पाहिला.

गॅरेजमधून बॅटरीचं ॲसिड आणायचा बेत मी हाणून पाडला. तडजोड म्हणून चायनीजच्या गाड्यावरून व्हिनेगरची बाटली आली. “घरी मंचुरियन का?” असं गाडेवाल्यानं विचारलं. “नाही, पाऊस,” असं मी सांगितल्यापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

पाऊस बनवायला संध्याकाळ गेली. सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज, स्टीलचं पातेलं आणि सामू दाखवणारे कागदाचे तुकडे. पोरगी थेंब टाकी, कागद बुडवी, डब्यावरच्या रंगांशी ताडून बघी. कागद हिरवा. आणखी थेंब. हिरवाच. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की चहाच्या पातेल्याला आतून चुन्याचं प्लास्टर झालंय. त्या पाण्यानं व्हिनेगर ढेकर न देता पचवून टाकलं. शेवटी वीस लिटरचा जार उघडला, तेव्हा कुठं कागद नारिंगी व्हायला तयार झाला. शुद्ध पाणी बिघडायला वेळ लागत नाही. मग चार बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या: साधं, पाच, चार, तीन.

मूग उगवला. इथवर प्रयोग कॉलेजचा होता. पुढचा आईनं चालवला.

पोरगी कॉलेजला गेली की आई गच्चीवर जायची. एका कुंडीला चांगलं पाणी आणि तिघींना आंबट, हे तिला बघवत नव्हतं. “एकाच घरातली लेकरं ना? मग एकीचे लाड आणि तिघींना सासुरवास कामून?” असं म्हणून ती तिघींना तांब्यातांब्या बोअरचं पाणी घालायची. वर लाडकीला धडा म्हणून त्या दिवशी कोरडी ठेवायची. विज्ञानात ज्याला नियंत्रित कुंडी म्हणतात, ती आमच्याकडं खरोखरच नियंत्रणात होती.

निरीक्षणं विलक्षण निघाली. तीन सामूचा मूग टेचात, चारचा त्याच्या खांद्याला खांदा लावून, पाचचा बरा, आणि साध्या पाण्याचा मान टाकून. पोरीनं तीनतीनदा पट्टी लावून पाहिली. आम्लानं मूग तरारतो असा शोध कंधारात लागला असं मला क्षणभर वाटलं आणि पेपरात फोटो कोणता द्यायचा याचा मी विचारही करून ठेवला.

आई गच्चीवर रंगेहाथ सापडली तेव्हा पोरगी रडली नाही. तिनं नव्या कुंड्या भरल्या आणि गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. नातीनं आजीला कुलूप लावलं हे गल्लीत दोन दिवस पुरलं. या खेपेला खोट कुठं नव्हती, तरी चारही कुंड्या जवळजवळ सारख्याच वाढल्या! आम्ल गेलं कुठं? तिनं कुंडीतल्या मातीतून बोराएवढा पांढरा खडा उचलला आणि व्हिनेगरमध्ये टाकला. खडा फसफसला. बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. आमच्या काळ्या मातीत ही चुनखडी जागोजाग. लोहा गावाच्या गाडीला उशीर झाला की रस्त्यालगतच्या वावरातले हेच खडे कुत्र्यांवर फेकत आम्ही लहानपणी वेळ काढला. आम्ल मारण्याची एवढी ताकद आपण कुत्र्यांवर वाया घालवतोय हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं पाऊस आल्यावर तिनं गच्चीवर घमेलं ठेवून तोही मोजला. सहाच्या पुढंच. आपल्याकडं हवेतली धूळही चुनखडीची, ती वरच्यावर आम्लाचा निकाल लावते. कंधारच्या रस्त्यांनी इतकी वर्षं आमच्या फुप्फुसात जे भरलं, त्याचा कुणालातरी उपयोग झाला म्हणायचा.

तोंडी परीक्षेला सरांनी वही उघडली. झाडं हिरवी बघून त्यांना बरं वाटलं नाही.

“मेली कामून नाहीत?”

“मातीत चुना आहे, सर.”

“पुस्तकात तर मरतात.”

“पुस्तकातली माती स्वीडन-नॉर्वेची असेल, सर. तिथं ग्रॅनाइटवर पातळ थर असतो, चुना नसतो. म्हणून तर तिथल्या तळ्यांतले मासे मेले.”

सरांनी पुढची पानं उलटली. पहिल्या प्रयोगाचा तक्ताही तिनं प्रामाणिकपणे लावला होता आणि त्याखाली ‘चुकीचे संभाव्य स्रोत’ या मथळ्यात एकच शब्द होता: आजी. सर बराच वेळ त्या पानावर थांबले. मग म्हणाले, माझ्याही घरी एक आहे. गुण चांगले पडले.

उरलेल्या तीन सामूच्या पावसानं आईनं देवाची तांब्याची भांडी घासून घेतली. चिंचेपेक्षा बरं निघतंय म्हणते. पुढच्या वर्षी पुतण्याला ओझोनचा थर हा विषय मिळणार आहे. त्याला ऊन लागतं की सावली, हे तिनं आत्ताच विचारून ठेवलंय.