लॉट कोणता?

आमच्या भाऊजींसमोर चहा ठेवा, ते कपाकडे नंतर पाहतील. आधी पत्तीचा पुडा मागतील, उलटा करतील, चष्मा कपाळावर चढवतील आणि विचारतील, "लॉट कोणता हाय?"

पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्या पोराला त्यांनी सुपारीचा लॉट विचारलेला मी या कानांनी ऐकला आहे. पोरगं वस्ताद. "गिरडचाच हाय, काकाजी," म्हणालं आणि घोटत राहिलं. चुलतभावासाठी स्थळ पाहायला गेलो, तिथं मुलीच्या बापाकडून थोरल्या दोघी कुठं दिल्या, कशा नांदतात, सगळं काढून घेतलं आणि पोहे खाता खाता माझ्या कानाशी लागले, "बाबू, लॉट चांगला दिसते." लग्न जमलं, पण भावजय अजून त्यांच्या पाया पडताना जरा दुरूनच पडते.

तुमच्याही नात्यात असा एक असेलच. वस्तू पारखण्यात त्याचा जन्म जातो, वापरायला वेळच उरत नाही. भाऊजींनी नवा फवारणी पंप आणला तेव्हा चार नोझल बदलून बदलून नुसत्या पाण्यानं अंगण फवारलं. कोणतं नोझल बरं, हे ठरेपर्यंत अळीनं कपाशी उरकली होती.

अशा माणसाच्या हाती पिस्तूल आलं.

दोष पॅरिसचा. २०२४ च्या जुलैअखेर मनू भाकरनं एअर पिस्तुलात ब्राँझ घेतलं आणि १ ऑगस्टला राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. भाऊजींनी टीव्हीकडे पाहिलं, मग पोरीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे पाहिलं. भाची नववीत, गुलेलीनं माकडं हाकलण्यात आख्ख्या गिरड गावात तिचा हात धरणारं कुणी नाही. सोयाबीनचे पैसे हाती आले तसं देशी बनावटीचं एअर पिस्तूल घरी आलं. गोठा रिकामा झाला. दहा मीटरवर ताईची दुलई कोंबलेली पेटी आणि तिच्यावर कागदी टार्गेट. बैल तेव्हापासून कडुनिंबाखाली बांधलेले आहेत आणि घराकडे असं पाहतात, जसं भाडेकरूनं घर बळकावलेला मालक पाहतो.

एका रात्री दहाला फोन. "बाबू, चार-एकोणपन्नास घेऊ का चार-पन्नास?"

मला वाटलं कशाचा तरी भाव विचारताहेत. म्हटलं, "पन्नासच घ्या जी, एका रुपयानं काय होते?"

पलीकडून लांब श्वास ऐकू आला. साळ्याच्या अडाणीपणाची खात्री पटली की ते असा श्वास सोडतात. एअर पिस्तुलाचा छर्रा असतो डमरूच्या आकाराचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच्या डोक्याचा व्यास कुठं ४.४९ मिलिमीटर तर कुठं ४.५०. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे तुरीचे दोन दाणे शेजारी ठेवावेत एवढं.

रविवारी गिरडला गेलो. गोठ्यात लोहाराकडून आणलेला वाइस, वाइसमध्ये कापडात गुंडाळून आवळलेलं पिस्तूल, समोर छर्ऱ्यांचे सहा डबे. प्रत्येक डब्यातले पाच छर्रे झाडायचे, कागदावर भोकांचा घोळका केवढा पडला ते व्हर्निअरनं मोजायचं आणि कागदामागं निळ्या पेननं लिहायचं. काय लिहायचं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

नागपुरात एक ओळखीचे नेमबाज आहेत. त्यांना हा किस्सा हसवायला म्हणून सांगितला, तर ते हसेनात. म्हणाले, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एका पिस्तुलात जो छर्रा एका भोकात भोक पाडतो, तोच दुसऱ्यात फाकतो. पॉइंट टू-टूवाले मोठे नेमबाज तर गोळ्यांच्या कारखान्यात आपली बंदूक घेऊन जातात, तिथं लॉटमागून लॉट झाडून पाहतात आणि जुळला तो लॉट वर्षभराचा उचलतात. म्हणजे भाऊजी बरोबर होते. नात्यातला त्रासदायक माणूस बरोबर निघण्यासारखं दुःख नाही.

महिन्यानं निकाल लागला. तिसऱ्या डब्यातला छर्रा अव्वल. "आता पोरीच्या हाती देतो," भाऊजी म्हणाले. भाचीनं डबा तळहातावर उलटा केला. अकरा निघाले. पाचशेच्या डब्यातले बाकीचे अव्वल ठरण्यात खर्ची पडले होते. नागपूरहून नवा डबा मागवला. कंपनी तीच, रंग तोच, आकडा तोच. भाऊजींनी डबा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांचा चेहरा पडला. लॉट वेगळा.

"मामा," भाची मला गोठ्याबाहेर म्हणाली, "मी अजून एकदाबी नेम नाई धरला. वाइसच धरून रायली."

मी तडक ताईला गाठलं. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. ताई काही बोलली नाही. आतल्या खोलीत नेऊन तिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत बियाण्यांची रिकामी पाकिटं, थैल्यांची लेबलं, बिलं, वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले.

मला एवढंच माहीत होतं, की बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांचं सोयाबीन उगवलं नव्हतं. पाऊस चांगला होता, पेरणी वेळेवर होती, आणि आठव्या दिवशी आठ एकर रान काळंच्या काळं. तक्रार केली. पाहणीला साहेब आले, वाफे उकरून पाहिले, वाईटही वाटलं त्यांना. मग विचारलं, "लॉट नंबर?" थैलीत ताईनं गहू भरला होता. थैलीला शिवलेलं लेबल आणि बिल सापडलं नाही. प्रकरण तिथंच मिटलं. दुबार पेरणीला ताईच्या पाटल्या गेल्या.

"सापडन कसं?" ताई पेटीचं झाकण लावत म्हणाली. "सकाळी चूल पेटत नव्हती, तं म्याच तो कागद लावला होता. यायले मालूम हाय. साऱ्या दुनियेले विचारते हा माणूस लॉट. मले एकदाबी नाई विचारलं."

संध्याकाळी भाऊजींबरोबर गिरडच्या टेकडीवर गेलो, ख्वाजा शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात. या टेकडीवर सुपारी-जायफळाएवढे गोल दगड सापडतात. भूशास्त्रवाले त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतात. गावची कथा वेगळी. नारळ-सुपारीचे दोन व्यापारी इथून जाताना बाबांची थट्टा करून गेले आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. मग ते रडत परत आले, पायांवर पडले आणि बाबांनी वाळल्या पानांचा पुन्हा नवा माल करून दिला.

भाऊजींनी एक दगड उचलला. बोटांत फिरवला. सवयीनं उलटा करून खालची बाजू पाहिली. मी हसणार होतो, पण त्यांचा चष्मा कपाळावर गेलाच नाही.

"पाय बाबू," ते म्हणाले, "ना बिल मांगलं, ना लेबल. अन् अख्खा माल बदलून देल्ला."