नव्व्याण्णव टक्के पडले, चौकशी लावा!

मराठी घरात नव्व्याण्णव टक्के पडले की पेढे येतात. आमच्या प्रयोगशाळेत पडले की चौकशी बसते. एखाद्या विद्यार्थ्याने हर्षभराने "मॉडेलला नव्व्याण्णव आले!" असं जाहीर केलं, की सगळ्यांचे चेहरे पडतात आणि एकाच गोष्टीचा शोध सुरू होतो : पेपर कुठून फुटला?

मी विद्यापीठात संशोधन करते. इम्युनॉलॉजीच्या प्रश्नांना मशीन लर्निंग लावणं हा माझा पेशा. इम्युनॉलॉजीवाले मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणतात, कॉम्प्युटरवाले 'बायोलॉजीवाली' म्हणतात आणि प्रिंटर बिघडला की दोघेही मलाच बोलावतात.

काम सांगायला सोपं आहे. आपल्या बहुतेक सगळ्या प्रकारच्या पेशींवर एचएलए नावाचे रेणू असतात. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे ते बाहेर धरून दाखवतात. तुकडा बहुधा नऊ अमिनो आम्लांचा. गस्तीवरची टी पेशी येते, तुकडा तपासते आणि तो परका वाटला तर त्या पेशीचा निकाल लावते. अमिनो आम्लं वीस, जागा नऊ. म्हणजे शक्य तुकडे ५१,२०० कोटी. त्यात एचएलएचे ४०,००० हून अधिक प्रकार आजवर नोंदले गेलेत. एकेक जोडी प्रयोगाने तपासायची तर फेलोशिप संपेल, गाइड निवृत्त होईल आणि विषाणू तोवर रूप बदलून बसेल. म्हणून कोणता तुकडा कुठे बसेल आणि कोणती टी पेशी तो ओळखेल, याचा अंदाज संगणकाला करायला शिकवायचा.

निम्मं काम बरंच जमलंय. कोणता तुकडा कोणत्या एचएलएवर बसेल हे सांगणारं 'प्रोप्रेड' चंडीगडच्या इमटेक या संशोधन संस्थेत राघव यांच्या गटाने २००१ मध्येच तयार केलं. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातलं 'नेटएमएचसी' तर जगभर वापरात आहे. घोडं अडतं ते पुढे : बसलेला तुकडा नेमकी कोणती टी पेशी ओळखेल? इथेच नव्व्याण्णव टक्केवाले भेटतात.

आमच्याकडच्या एका पीएचडीच्या मुलाने असाच निकाल आणला. आमच्या गाइड मॅडमनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "निगेटिव्ह कुठून आणलेस?" तुकडा ओळखणाऱ्या पेशी एका प्रयोगशाळेच्या होत्या, न ओळखणाऱ्या, म्हणजे निगेटिव्ह, दुसऱ्याच प्रयोगशाळेतून उतरवून घेतलेल्या. दोन्हीकडची यंत्रं वेगळी, पद्धत वेगळी. मॉडेलने टी पेशींचा अभ्यास केलाच नव्हता. नमुना कुठल्या प्रयोगशाळेतून आला एवढं ते अचूक ओळखत होतं. उत्तरपत्रिकेवरचा शाळेचा शिक्का बघून मार्क देणाऱ्या परीक्षकासारखं.

शिक्के पुसले, शिकवायच्या आणि परीक्षेच्या अशा दोन्ही गठ्ठ्यांत असलेल्या एकसारख्या पेशी काढल्या, तरी 'अपेक्षित प्रश्नसंच' उरतोच. उपलब्ध नोंदींचा मोठा हिस्सा मोजक्या विषाणूंच्या मोजक्या तुकड्यांवर आहे. इन्फ्लुएंझाचा एक तुकडा इतका घोटलेला, की त्याच्या पहिल्या तीन अक्षरांवरून सगळे त्याला 'गिल' म्हणतात. "गिल चांगला चाललाय, पण नवीन कोणी आला की मॉडेल ढेपाळतं," असं मी फोनवर बोलत होते, तर रिक्षावाले काका मान हलवून म्हणाले, "सगळी टीमच तशी आहे, ताई." त्यांचं निदान चुकलेलं नव्हतं. पूर्वी कधीच न पाहिलेला तुकडा समोर ठेवला, की भल्याभल्या मॉडेलांची कामगिरी नाणेफेकीच्या आसपास येते. शिवाय हा अपेक्षित संच प्रामुख्याने युरोपीय लोकांत जास्त आढळणाऱ्या ए-०२:०१ या एचएलएभोवती छापलेला. आपल्याकडे भरपूर दिसणाऱ्या ए-३३:०३ वर प्रश्न आला, तर 'अभ्यासक्रमाबाहेरचं' म्हणून मॉडेलने बहिष्कारच घालावा!

अविश्वास असा अंगात मुरतो, की साधी एक्सेलची फाइलसुद्धा उघडवत नाही. एचएलएच्या एका वर्गावर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकाचं नाव होतं 'मार्च-१'. एक्सेल त्याची इमानेइतबारे एक मार्च ही तारीख करून ठेवायचं. वर्षानुवर्षं हाच घोळ. शेवटी २०२० मध्ये माघार कोणी घेतली? जनुकाने. नावच बदललं त्याचं.

खरी कडक परीक्षा शरीर घेतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथे कोवळ्या टी पेशींना दोन पेपर असतात. पहिला : आपले एचएलए ओळखता येतात का? दुसरा : आपल्याच तुकड्यांवर जास्तच चिडत नाही ना? पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक पेशी नापास होतात आणि नापास म्हणजे मृत्यू. एटीकेटी नाही, फेरतपासणी नाही, ओळखीचे आमदार नाहीत. तरीही काही जणी निसटतातच. त्यांना आवरायला नियामक टी पेशींचं भरारी पथक फिरत असतं. ते उलगडल्याबद्दल ब्रुंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

हे सगळं एकदा मावशीला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं असू दे. इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?"

"मावशी, तुझा रुमॅटॉइड संधिवात म्हणजे भलतीकडे भडकलेली इम्युनिटीच आहे गं. ती वाढवायची नसते, आवरायची असते."

"म्हणजे माझी मुळात भरपूर आहे!" मावशीचा चेहरा उजळला. संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली. वीस वर्षांच्या शिक्षणाचा कुटुंबाला झालेला हा पहिला प्रत्यक्ष लाभ.

या पेशात मुलांना घालावं का, असं पालक विचारतात. जरूर घाला. गणित लागतं, जीवशास्त्र लागतं, पण सर्वांत जास्त लागतो तो संशय. आणि तोही स्वतःच्या यशाचा. तुम्हाला मात्र इतकं सगळं शिकायची गरज नाही. 'एआय अमुक रोग नव्व्याण्णव टक्के अचूक ओळखतो' अशी बातमी वाचलीत, तर सांगणाऱ्याला एकच विचारा, "निगेटिव्ह कुठून आणले?" तो गडबडला, तर औषधं बदलू नका आणि डॉक्टरही.