ओल धरलेल्या चित्रांच्या मुलखात

कलास्वादासाठी मनुष्याने फ्लॉरेन्सला, गेला बाजार अजिंठ्याला तरी जावे, असा शिष्टसंमत प्रघात असताना आम्ही ऐन श्रावणात नवी मुंबईतले खारघर का गाठले, याचे उत्तर इतकेच की आमचे मेहुणे खारघरला राहतात आणि फ्लॉरेन्सला आमचे कोणी राहत नाही.

मार्गदर्शकाची सनद मेहुण्यांनी परस्पर स्वतःस बहाल केली होती. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या गावांच्या शेतजमिनीवर हे नगर कसे आखले, हे सांगत त्यांनी आम्हांस उत्सव चौक दाखविला आणि मेट्रोत बसविले. ही मेट्रो बेलापूर ते पेंधर अशी 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. परंतु तिचा मार्ग उन्नत असल्यामुळे ज्या भिंती रस्त्यावरील पादचाऱ्यापासून शिताफीने लपविलेल्या असतात त्या प्रवाशाच्या अगदी डोळ्यांसमोर येतात, ही गोष्ट आखणी करणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी.

"भाऊजी, सेंट्रल पार्क इकडे आहे. तुम्ही तिकडे काय बघताय?"

आम्ही भिंती बघत होतो. नैर्ऋत्येचा पाऊस ज्या अंगाने झोडपतो त्या अंगाला शेवाळाने प्रथम हिरवा आणि मागाहून काळा हात फिरविलेला. गंजक्या नळाखाली गेरूचे ओघळ. मध्येच क्षाराचे शुभ्र फटकारे! डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून पाहावे, त्यांत पर्वत, नद्या व रणसंग्राम दिसू लागतात, असा उपदेश लिओनार्दो दा विंची चित्रकारांना करून गेला आहे. त्यास खारघरात सदनिका मिळाली असती तर बिचारा गॅलरीतून आत आलाच नसता.

पांडवकडा धबधब्याचे दर्शन दुरूनच घ्यावे लागले. लाव्हाच्या थरांवर थर चढून घडलेल्या काळ्या कातळावरून सुमारे 107 मीटर उतरणारी ती पांढरी रेघ कोणत्याही चित्रकाराने आपली म्हणून सही ठोकावी अशी आहे. परंतु तिथे बुडून माणसे दगावल्यामुळे पावसाळ्यात मनाई हुकूम असतो, आणि बंदोबस्ताचा हवालदार संग्रहालयातील पहारेकऱ्याच्या तोऱ्यात प्रेक्षकांस अंतरावर ठेवतो. त्याची स्वतःची पाठ मात्र अखंड चित्राकडे होती.

परतलो तो मेहुण्यांच्या इमारतीच्या मागील भिंतीपाशी मंडळी जमलेली. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर ओलीने प्रशस्त आकृती उमटविली होती. एका आजींना ती साक्षात गजाननाची वाटली व त्यांनी चपला काढल्या. एका निवृत्त गृहस्थांच्या मते तो कोकणचा नकाशा होता आणि त्यांचे गाव त्यात स्पष्ट दिसत होते. एवढ्यात वॉटरप्रूफिंगवाला आला. तो चार पावले मागे सरला, डोळे किलकिले करून त्याने मान तिरपी केली आणि मुरलेल्या रसिकाच्या गांभीर्याने म्हणाला, "तीन पावसाळ्यांचं काम आहे."

इतके मार्मिक रसग्रहण आम्ही प्रदर्शनांतूनही ऐकलेले नाही.

"आणि आत माझ्या कपाटामागे उतरलंय त्याचं काय?" तिसऱ्या मजल्यावरील सभासद कळवळून म्हणाले.

सेक्रेटरींनी चष्मा पुसून फैसला दिला, "बाहेरचा गणपती सोसायटीचा. आतला तुमचा तुम्ही बघा."