संस्कृत की स्टॅटिस्टिक्स?

बारावीचा निकाल लागला की उपनगरांतल्या प्रत्येक सोसायटीत दोन-चार करिअर कौन्सिलर आपोआप उगवतात. फी घेत नाहीत, चहा घेतात. यंदा ते मुलुंडला माझ्या बहिणीकडे उतरले. भाचीला बी.ए. संस्कृत करावं की बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, असा प्रश्न पडला होता, आणि तिच्यापेक्षा तो बिल्डिंगीला जास्त पडला होता.

"संस्कृतला स्कोप काय?" खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. काका स्वतः केमिस्ट्री शिकून रिटायर होईपर्यंत बँकेत होते, पण ते कुणी काढलं नाही. आजी म्हणाली, "संस्कृतच घे गं. निदान रामरक्षा तरी शुद्ध म्हणशील." भाऊजींनी मत दिलं नाही, त्यांनी एम-इंडिकेटर उघडलं. उपनगरात ज्ञानशाखेचा प्रश्न शेवटी लोकलच्या वेळापत्रकावरच येतो. कॉलेज अंधेरीला असलं तर घाटकोपरला मेट्रो, माटुंग्याला असलं तर स्लोने जाणं आलं. २०१४ साली मेट्रो सुरू होईपर्यंत मुलुंडच्या मुलीला अंधेरीचं कॉलेज म्हणजे दादरचा पूल, नाहीतर घाटकोपरहून ३४० नंबरची बस. कितीजणींचा विषय मध्य रेल्वेनेच ठरवून टाकला असेल!

भाची मात्र कागदावर काहीतरी लिहीत बसली होती. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? चार लघू, दोन गुरू, एक गुरू नि दोन लघू, पण त्यात गुरूच्या जागा तीन. एकूण पाच. पाच मात्रांच्या आठ, सहाच्या तेरा. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. हा हिशेब हेमचंद्राने बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधी, मांडला होता. "आता हे संस्कृत की गणित?" तिने विचारलं. काकांनी चहा संपवला.

मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. गोव्यात जन्मलेला हा माणूस हार्वर्डला शिकत असताना बर्कहॉफसारख्या गणितज्ञाने त्यांना गणितावरच लक्ष द्या म्हणून सांगितलं. यांनी भलभलते विषय घेतले आणि १९२९ साली उत्तम पदवीही घेतली. पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक. पुण्याहून डेक्कन क्वीनने येत-जात. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, मग वजनावरून ते किती काळ फिरलं हे काढता येईल का, म्हणून त्यांनी हजारो नाणी तोलली. ही झाली स्टॅटिस्टिक्स. पण नाणी पाडली कुणी, हे शोधायला जुने ग्रंथ उघडावे लागले आणि त्यापायी संस्कृतात उतरावं लागलं. १९४८ साली त्यांनी शेकडो हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. छापली भारतीय विद्या भवनाने, ज्यांचं अंधेरीला कॉलेज आहे त्यांनीच.

कोसंबी एखादाच होतो, हे मान्य. पोटापाण्याला एक विषय धरावा लागतो, हेही मान्य. पण फॉर्मवर एकाच चौकटीत खूण करायची ती कॉलेजच्या सोयीसाठी. सोडलेल्या विषयाशी काडीमोड घ्यायलाच हवा असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं. उलट ज्यात मार्क मिळवायचे नसतात, तो विषय निवांतपणे जन्मभर पुरतो.

नव्या धोरणात मेजरच्या जोडीला मायनर आलंय. भाचीने मेजर स्टॅटिस्टिक्स ठरवलं. मायनरला संस्कृत मिळेल का, याची चौकशी केली, तर दोन्हींचे तास एकाच वेळी. मी लगेच कोसंबी पुराण सुरू केलं. तास नसला म्हणून काय झालं, लोकलमध्ये वाच, घरी वाच, त्यांनी नाही का गणिताच्या जोडीला…

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे मामा, पण त्यांना पंचाहत्तर टक्के अटेंडन्स होती का?"