तलावाचा कब्जा

अलिबागेकडे बंगला घेणाऱ्या मुंबईकर गृहस्थाच्या खरेदीखतात चतुःसीमा, विहीर आणि नारळीची झाडे यांचा तपशीलवार उल्लेख असतो. परंतु मागील दारी जो पोहण्याचा तलाव म्हणून दाखविला जातो, त्यातील शेवाळलेल्या जलाबरोबरच तेथील बेडकांची पिढीजात वहिवाटही आपण मुद्रांकशुल्क भरून पदरात घेत आहोत, हे त्यास कोणी सांगत नाही. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव म्हणजे ७५,००० लिटर पाणी. आणि ते आठ-दहा दिवस निश्चल राहिले, की अंड्यापासून डासापर्यंतचा प्रपंच त्यात यथासांग पार पडतो.

कब्जा मिळताच मालक पाणी उपसण्याचा हुकूम सोडतो. परंतु भर पावसाळ्यात भूजल वर आलेले असता रिकामा केलेला तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो, हे कळल्यावर तो हुकूम तहकूब होतो. मग पंपाच्या जाळीतून कुजलेली पाने आणि एक रबरी सपात निघते, क्लोरिनची पिंपे येतात, आणि सामू ७.८ च्या वर चढताच त्या क्लोरिनचा पराक्रमही ओसरू लागतो. अखेरीस गावकऱ्यांच्या सल्ल्याने गप्पी मासे सोडले जातात. आणि घरपट्टी मालकाने भरावी, पोहावे मात्र माशांनी, अशी न्याय्य वाटणी होऊन प्रकरण दप्तरी दाखल होते.