गॅलरी गेली, साखर आली

गिरगावातल्या आमच्या चाळीत रात्री साडेनऊच्या सुमाराला जेवणं आटोपली, की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत स्लिपरांची फटफट सुरू व्हायची. या टोकाच्या जिन्यापासून त्या टोकाच्या नळापर्यंत आणि तिथून परत. शतपावली. तिला व्यायाम कुणी म्हणत नसे. जेवून लगेच आडवं झालं तर आजी ओरडायची, एवढं कारण पुरे होतं.

आता तिथे टॉवर आहे. घर मोठं झालं, संडास घरात आला, आणि ते चांगलंच झालं. पहाटे बालदी घेऊन रांगेत उभं राहण्यात काहीही रम्य नव्हतं. पण गॅलरी गेली. आता लिफ्टमधून घरात, ताटावरून सोफ्यावर आणि सोफ्यावरून अंथरुणात.

जेवल्यावर रक्तातली साखर चढते. नेमक्या त्याच वेळी पाय हलते असले, तर मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनवरचा भार हलका होतो. दहा-पंधरा मिनिटांचं साधं चालणंही उपयोगी पडतं. आजी हाकलायची ती बरोबर वेळेला.

महापालिकेने 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने पाहणी केली. मुंबईतल्या सुमारे 18 टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर 126 किंवा त्याहून जास्त निघाली. म्हणजे मधुमेहच. देशभरात 10 कोटींवर मधुमेही आणि 13 कोटींवर लोक उंबरठ्यावर, असं आयसीएमआरच्या अभ्यासाने 2023 मध्ये सांगितलं. मला बोलायचंय ते या उंबरठ्यावरच्यांशी. उपाशीपोटी 100 ते 125 आकडा आला, की आपण ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतो, रिपोर्टची घडी घालतो आणि फाइलीत ठेवून देतो. अहो, बॉर्डर म्हणजे सुटका नव्हे. मागे फिरता येण्याची हीच जागा आहे.

मागे फिरता येतं, याला पुरावा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांनी चेन्नईत अशाच बॉर्डरवरच्या 531 जणांवर तीन वर्षं अभ्यास केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज किमान अर्धा तास चाला, साखर, मैदा, तेल-तूप कमी करा, चोथा असलेलं खा, एवढंच सांगून ज्यांचा पाठपुरावा केला, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत तो 26.4 टक्क्यांनी घटला. म्हणजे चालणं आणि खाण्यातला बदल मिळून गोळीच्या तोडीस तोड ठरले, आणि तेही वजन फारसं उतरलेलं नसताना.

‘मी तर बारीक, मला काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यांनी डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम माहीत करून घ्यावं. ते केईएमचे, पण परळच्या नव्हे, पुण्याच्या. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडची चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात दडते. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, शिवणाची टेप घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर असेल, तर धोका आहे.

ताटाबद्दलही स्पष्ट बोलू. गूळ ही साखरच आहे. उकडीचा मोदक गुळाचा म्हणून चार जास्त चालत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी दुप्पट खाशी हे रक्तातली साखर फार गंभीरपणे घेते. दोन चमच्यांचा चहा दिवसात पाच वेळा घेतला, तर 40 ते 50 ग्रॅम साखर पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शक्यतो 25 च्या आत राहा. आणि हो, जांभळाच्या बियांची पूड चालण्याची जागा घेत नाही.

वडापावला मी शिव्या घालणार नाही. लालबाग-परळचा कामगार साच्यावर आठ तास उभा असायचा, गिरणीत पायी जायचा, पायी यायचा. त्याच्या अंगात वडापाव जिरत होता. आज त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्यांत त्याचा नातू नऊ तास खुर्चीत बसतो. वडापाव तोच राहिला, खाणाऱ्याचा दिवस बदलला.

चालायचं कुठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. दादरकरांना शिवाजी पार्क आहे. त्याची एक फेरी साधारण 1.17 किलोमीटरची, अडीच फेऱ्यांत काम होतं. लालबागच्या माणसाने काय करावं? फुटपाथवर दुचाक्या, उरलेल्या जागेत स्टॉल. विक्रीच्या टॉवरच्या जाहिरातीत जॉगिंग ट्रॅक असतो. शेजारच्या पुनर्वसनाच्या इमारतीच्या करारात तो सापडतो का, बघा.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांच्या घराची चावी मिळाली. गिरगावपासून नायगावपर्यंत जुन्या चाळींमध्ये पुनर्विकासाच्या बैठका चालूच आहेत. तिथे कार्पेट एरिया, कॉर्पस आणि पार्किंग यांवर तासन् तास भांडण होतं. भांडाच. पण सही करण्याआधी कागदावर आणखी एक ओळ लिहून घ्या: रहिवाशांना चालायला मोकळी, उजेडाची, गाड्या नसलेली जागा.

ती मिळेपर्यंत थांबू मात्र नका. आज रात्री जेवण झालं, की घरातल्या सगळ्यांना घेऊन खाली उतरा. जिन्याने.