दर्पणाच्या दरबारी अपील

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८३५ मध्ये काचेवर चांदीचा पातळ थर बसविण्याची कृती शोधून काढली आणि राजेरजवाड्यांच्या आरसेमहालांत वावरणारी एक विवंचना कालांतराने घरोघरच्या खुंटीवर येऊन लटकली.

आमच्या परिचयाचे एक सुविद्य गृहस्थ कानामागच्या एका शुभ्र केसाचा न्हाणीघरातील आरशासमोर रीतसर पंचनामा करून घराबाहेर पडतात; परंतु तेवढ्याने खातरजमा न झाल्यामुळे, रस्त्याच्या कडेला उभ्या मोटारीची काच, सराफाच्या दुकानाची दर्शनी काच आणि अखेरीस कचेरीच्या उद्वाहनातील आरसा अशा चढत्या क्रमाने अपिले दाखल करीत ते जेव्हा मेजापाशी पोहोचतात, तेव्हा भांग पहिल्याच जागी असतो आणि हजेरीपटावर मात्र लाल रेघ पडलेली असते. (मोटारीत कोणी बसलेले असल्यास उभयपक्षी जो संकोच होतो, त्याचे वर्णन न करणेच सभ्यपणाचे.)

इतक्या भरवशाने ज्याची जबानी घ्यावयाची, तो साक्षीदार तरी कसा? वाफ धरलेल्या आरशावर, एक डोळा मिटून, आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवून पाहावी. ती आकृती लांबीरुंदीने चेहऱ्याच्या निम्मीच भरते, आणि चार पावले मागे सरकले तरी हा हिशेब बदलत नाही. शिवाय गालावरचा तीळ जगाला ज्या बाजूस दिसतो, तिच्या नेमक्या विरुद्ध बाजूस तो दाखवितो. छायाचित्रात तोच तीळ जगाच्या बाजूने उमटला, की आमचे गृहस्थ छायाचित्रकाराच्या नावाने बोटे मोडतात आणि त्याचे पैसे अडवून धरतात.